दुकानदाराला तंबूत बसवणारी आत्या

अन्याय झाला तो सुगंधावर आणि तिच्या बचत गटातल्या चार बायकांवर. केव्हा झाला तेही सांगते. गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे, उजाडायच्या आत. श्रीवर्धनच्या जरा पुढे, किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात या बायकांनी आठ तंबू ठोकले होते. पौर्णिमेचा समुद्र बघायला पुण्याहून आलेले पाहुणे गाणी म्हणत झोपले आणि ओल्या अंथरुणातून उठले. पाऊस नव्हता. आभाळ लख्ख होतं. पडलं होतं ते नुसतं दव, आमच्याकडे थंडीत दरवर्षी पडतं तेवढंच. ज्या तंबूच्या पिशवीवर पावसाच्या धारा आणि त्यांच्याखाली हसणारं कुटुंब छापलेलं, तो तंबू दवाने गळला. दोन तंबूंच्या काड्या तर उभ्या चिरल्या.

पाहुणे न्याहारीआधीच निघून गेले. जाताना फोटो काढून गेले, आणि ते फोटो दुपारपर्यंत अख्ख्या तालुक्याने पाहिले. बनातली जागा ग्रामपंचायतीने गटाला एका मोसमापुरती दिली होती, तीही कुरकुरत. नाताळात तंबू उभे नसतील तर जागा बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तंबू पसंत केले होते सुगंधाने. अलिबागला जाऊन, चार दुकानं फिरून. त्यामुळे गटातल्या बाकीच्या बायका तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या होत्या.

पत्रकाची सुरुवात अशी करायची हे मला माझ्या घरमालकिणीने शिकवलं. मी ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहिते आणि बाजारात उभी राहून वाटते. माझं पहिलं पत्रक 'ग्राहकहो, जागे व्हा' असं सुरू होत होतं. तिने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि मला परत दिलं.

"झोपलंय कोण, ते लिहिलं नाहीस," ती म्हणाली. "आणि उठून करायचं काय, तेही नाही."

मला राग आला होता. पुढचं पत्रक मी तिच्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं.

सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, मीही म्हणायचे. सुपारीची वाडी, वाडीत घर, घराच्या मागच्या पडवीतली खोली माझी. उंच, काटकुळी बाई. साडी घोट्याच्या वर, पायात वहाणा, खांद्याला कापडी पिशवी. वाडीतल्या रोपांना पाणी घालायची पत्र्याची झारी घेऊन ती सकाळी फिरायची, तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटावं की सुपारीचंच एक झाड जागा सोडून हिंडतंय.

तिचा एकच नियम होता. नवी वस्तू बिघडली की तिला हात लावायचा नाही. दुरुस्त करायची नाही, दोरीने बांधायची नाही, खाली लाकूड सारायचं नाही. बिघडली तशी दुकानात न्यायची, आणि तिथे गेल्यावर तक्रार करायची नाही. वस्तू वापरायची.

भात शिजवायचा विजेचा कुकर तिने एकदा असा नेला होता. सोबत धुतलेले तांदूळ, मीठ, चार ताटं. दुकानदाराला म्हणाली, बटण लावा. त्याने लावलं. मग ती स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली. कुणी विचारलं की सांगायची, भात लावलाय, जेवूनच जाईन. दुपार टळली तरी तांदूळ पाण्यात तसेच. तेव्हा तिने ताटं मांडली, चारही ताटांत ते कच्चे तांदूळ वाढले आणि दुकानदाराला जेवायला बसा म्हणाली. त्याने हात जोडले आणि नवा कुकर दिला. आत्याने तो घेतला आणि त्यातही भात शिजवून बघितल्यावरच घरी आणला. तोपर्यंत दिवे लागले होते. त्या शिजलेल्या भाताचे दुकानदाराने खरंच चार घास खाल्ले म्हणतात.

चपलेची टाच निघाली तेव्हा ती तीच चप्पल घालून दुकानातल्या दुकानात फटक फटक चालत राहिली. शेवटी दुकानदाराची बायकोच आतून म्हणाली, अहो, द्या हो त्यांना दुसरी, माझं डोकं उठलं.

लोक हसायचे. तिचे भाचे-पुतणे तिच्याबरोबर बाजारात जायचं टाळायचे. एका पुतण्याच्या लग्नातला शालू तिच्या हाती लागू नये म्हणून तो पालीला नातेवाइकांकडे लपवून ठेवला होता. कारण तिने तो भिजवून रंग जातो का बघितला असता. श्रीवर्धनच्या बाजारपेठेत पुढे पुढे दुकानदार तिला निवडून चांगला माल द्यायला लागले. दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. आत्याने स्वतः खरेदीला जाणंच बंद केलं. शेजारणीच्या हातून वस्तू मागवायची, माझं नाव सांगू नकोस म्हणून बजावून. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मला वेगळं मिळायला लागलं तर बाजारात काय चाललंय ते मला कळणार कसं गो?"

दुकानातला चहा ती घेत नसे. आपल्याकडे तक्रार घेऊन माणूस दारात दिसला की दुकानदार आधी चहा सांगतो. खुर्ची देतो, पंखा लावतो, मुलं काय करतात विचारतो. चहा पोटात गेला की माणसाला भांडायची लाज वाटते. मी हे कितीदा बघितलंय. सकाळी तावातावाने गेलेला माणूस तीच मोडकी वस्तू घेऊन परत येतो आणि वर सांगतो, माणूस चांगला आहे हो. आत्या म्हणायची, चहा काम झाल्यावर.

तिला नुसती भांडखोर समजू नका. मी राहायला आले त्या पहिल्या पावसाळ्यात माझी खोली गळत होती. मी कोपऱ्यात बादली ठेवली. दोन आठवड्यांनी तिने ती बादली बघितली आणि मलाच फैलावर घेतलं. बादली का ठेवलीस? मला का बोलावलं नाहीस? मग स्वतःची चटई आणि उशी आणून, बादली बाजूला सारून, ती बरोबर त्या गळतीखाली दुपारची आडवी झाली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी नको नको म्हणत राहिले. चांगली भिजल्यावर उठली आणि तशीच ओल्या पदराने कौलं शाकारणाऱ्याकडे गेली. दुसऱ्याला जे वापरायला लावायची, ते ती स्वतः वापरायची. मालकिणीच्या जागी असतानाही. मोठमोठी भाषणं करणाऱ्या कितीतरी माणसांबरोबर मी काम केलंय. त्यांतलं एकही माणूस स्वतःच्या भाडेकरूच्या गळतीखाली झोपणार नाही.

तर सुगंधा माझ्याकडे आली ती माझं पत्रक हातात धरून. मी लगेच अर्ज लिहायला बसले. दुकानदाराने पावतीवर छापलं होतं की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. अशी ओळ छापली म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही, हे मी तिला समजावून सांगत होते. आत्या दाराशी उभी राहून ऐकत होती.

"अर्ज पोचून सुनावणी होईपर्यंत आंबे येतील," ती म्हणाली. "नाताळ कधी आहे? उद्या जाऊ. सगळ्यात जास्त गळलेला तंबू घेऊन ये. आहे तसा."

आहे तसा. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दिघीच्या धक्क्यावर भेटलो. आत्याच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात झारी. फेरीबोटीवर आगरदांड्याला जाणारे लोक त्या झारीकडे बघत होते. एका म्हाताऱ्याने विचारलंच, रोपं न्यायला चाललात काय? आत्या म्हणाली, दुकानदाराला न्हाऊ घालायला. सगळे हसले. सुगंधा हसली नाही. तिच्या मांडीवर तंबूचं बोचकं होतं, जुन्या पण इस्त्री केलेल्या चादरीत बांधलेलं, चारही टोकांना सारख्या गाठी. त्याला धुण्याच्या पावडरीचा वास येत होता. मला तो वास आला होता आणि मी त्याचा काही विचार केला नाही.

अलिबागचं दुकान खेळाच्या आणि प्रवासाच्या सामानाचं. दुकानदार तरुण, गोड बोलणारा, सुगंधाला ओळख दाखवणारा. या ताई, बसा, चहा सांगतो. आत्याने मान हलवली. मग त्याने तंबूचं ऐकलं आणि चेहरा पाडला. आता वापरलेला माल मी कसा परत घेणार, तुम्हीच सांगा.

"परत घ्या असं मी म्हटलंच नाही," आत्या म्हणाली. "उभारा."

"काय उभारा?"

"तंबू. तुमच्या दारात. विकताना कसा उभारायचा ते दाखवलं असेल ना यांना."

दुकानात दोनतीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर नाही म्हणणं त्याला जड गेलं. त्याने दुकानापुढच्या फरशीवर तंबू उभा केला. आत्याने त्याला आत बसायला सांगितलं. तोही हसत हसत बसला, काय हरकत आहे म्हणाला. शेजारच्या हॉटेलातून झारी भरून आणली होती. आत्याने ती तंबूवर धरली, रोपाला घालतात तशी, सावकाश, शिवणीशिवणीवरून.

झारी रिकामी झाली. दुकानदाराने तंबूतून डोकं बाहेर काढलं.

"कोरडा," तो म्हणाला. "ठणठणीत. बघा, हात लावा."

बघे हसले. कॅरमच्या सोंगट्यांची पेटी हातात घेतलेला एक गृहस्थ म्हणाला, चला, म्हणजे तंबू उत्तम आहे, मी पण घेतो एक. माझे कान तापले. पत्रकात या वेळी काय करायचं ते लिहिलेलं नसतं. मी आत्याच्या कानाशी लागले, आज परत जाऊ, दुसरा तंबू घेऊन येऊ. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, झारी खाली ठेवली आणि वाकून तंबूत शिरली. आतून शिवणीवर बोट फिरवत गेली. मग बोट थांबलं.

शिवणीवरून दुसरी शिवण होती. जाळं विणायच्या निळ्या दोऱ्याची, बारीक, एकसारखी, आणि वर मेणबत्ती घासलेली.

"हे कोणी शिवलं?"

सुगंधा पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. "मी," ती म्हणाली. "आत्या, फाटकी वस्तू कशी देयाची कुनाच्या हातात? माझ्या आयेनं कुनाचं भांडं घासल्याबिगर परत दिलं न्हाय कधी. मला बरं न्हाय वाटलं. काल बसून शिवला नि धुतला."

मला ओरडावंसं वाटलं. आज, शांतपणे लिहिताना, मला दिसतं की ती एकटी नव्हती. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत जात नाही. उसनी घेतलेली साडी धुऊन, घडी मोडू न देता परत जाते. वस्तू आपल्या हातात असताना फाटली तर ती लाज आपली. हीच रीत बाजारात गेली की उलटी होते. घरातल्या शेजारणीसाठी जपलेली लाज आपण फसवणाऱ्या दुकानदारासाठीही जपतो. त्याने विकलेलं भोक आपण शिवून देतो. किती कंपन्या या शिवणकामावर चालतात, विचार करा.

आत्या तंबूतून बाहेर आली. रागावली नव्हती. निळ्या शिवणीकडे ती अजून बघत होती.

"काय शिवलंयस गो," ती म्हणाली. मग दुकानदाराकडे वळून तिने त्याच्याकडून एक ब्लेड मागून घेतलं आणि सुगंधाच्या हातात दिलं. "उसव."

"आत्या."

"तुझं चांगलं काम त्याच्या वाईट कामावर पांघरूण घालतंय. उसव."

सुगंधा दुकानाच्या पायरीवर बसली. तंबू मांडीवर ओढून घेतला आणि स्वतःचा टाका टाका कापायला लागली. जाळ्याचा दोरा ब्लेडलाही दाद देत नव्हता. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबले नाहीत. वेळ लागला. हसणारे लोक बघायला पायरीजवळ सरकले. निळा दोरा निघेल तसतशी खालची कंपनीची शिवण उघडी पडत होती, आणि ती नुसत्या बोटाच्या धक्क्याने सुटत होती. सोंगट्यांवाल्या गृहस्थाने पेटी परत काउंटरवर ठेवली.

"बाईंचा दोरा तुटत नाय," तो म्हणाला, "नि कंपनीचा टिकत नाय."

शिवण मोकळी झाल्यावर आत्याने तंबू पुन्हा उभा करायला लावला आणि झारी भरून घेतली. दुकानदार म्हणाला, आता बसायची काय गरज, दिसतंय की.

"बघून चालणार नाही," आत्या म्हणाली. "ते पाहुणे नुसतं बघायला आले नव्हते. बसा."

तो बसला. या वेळी हसला नाही. झारी निम्मी व्हायच्या आत बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा खांद्यापासून पाठीपर्यंत चिकटला होता. तो रुमालाने मान पुसत राहिला, आणि मग जे बोलला ते मला खरं वाटलं. त्यालाही मुंबईच्या व्यापाऱ्याने असाच माल दिला होता. एकेक तंबू उघडून बघायला त्याला तरी कुठे वेळ होता. आता हे सगळं नुकसान त्याने एकट्याने सोसायचं का?

"कशाला सोसता?" आत्या म्हणाली. "तुम्हाला ज्याने फसवलं त्याच्या दारात जा. त्याला बसवा आत. पण तुमचं तिथलं भांडण या बायकांच्या अंगावर टाकू नका."

त्याने आठही तंबूंचे पैसे परत केले. बाकीचे सात आणून देण्याच्या बोलीवर. सुगंधाने ते दोनदा पदरात बांधले आणि दोनदा सोडून पिशवीत ठेवले.

"आता सांगा चहा," आत्या म्हणाली, आणि पायरीवर सुगंधाशेजारी बसून तिने तो बशीतून प्यायला. दुकानदार ओल्या सदऱ्यानेच ग्लास घेऊन समोर उभा होता. ही झारी मला एक दिवस द्याल का, असं त्याने विचारलं. मी ते विनोद म्हणून सोडून दिलं. पण सात तंबू पोचवायला आम्ही गेलो तेव्हा त्याने सांगितलं, तो खरंच मुंबईला जाऊन आला होता. बादली घेऊन.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. नाताळपर्यंत आठ तंबू उभे राहिले नाहीत. मिळालेल्या पैशांत गटाने जाड कॅनव्हास आणि बांबू घेतले, सुगंधाने जाळ्याच्या दोऱ्याने शिवायला घेतलं आणि तीनच तंबू पुरे झाले. पहिला उभा राहिला त्या दुपारी आत्या चटई-उशी घेऊन त्यात आडवी झाली आणि मला झारी धरायला लावली. बराच वेळ आतून आवाज येईना. मी वाकून बघितलं तर ती घोरत होती. गटातल्या बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, सुगंधाच्या खांद्याला टेकून. तीन तंबू बघून सरपंचांनी नाक मुरडलं, पण जागा गटाकडेच राहिली.

आत्या वैशाखात गेली. शेवटचे काही दिवस ती दवाखान्यात होती. तिथल्या पलंगाची डोक्याकडची बाजू वर होत नसे. डॉक्टर तपासायला आले तेव्हा ती महत्प्रयासाने उठून खाली खुर्चीवर बसली आणि त्यांना म्हणाली, तुम्ही जरा पडून बघा. पलंग संध्याकाळी बदलला. त्यावर ती फार झोपली नाही. पण तिच्यानंतर कुणीतरी झोपलं असेल.

माझी खोली अजून तिच्याच पडवीत आहे. झारी दाराशी असते. मी अजूनही पत्रकं लिहिते, आता लहान लिहिते. तिने सांगितलं होतं त्याप्रमाणे सुरुवातीला माणूस आणि शेवटी काम. माणूस तुम्हाला सांगून झाला. आता काम.

तुमच्या घरात अशी एक वस्तू आहे. झाकणावर हात दाबून धरल्याशिवाय न चालणारा मिक्सर. कागदाची घडी पायाखाली सारलेली नवी खुर्ची. चिकटपट्टी लावलेली छत्री, जी पहिल्याच पावसात गळली होती. ती घेतली तेव्हा नवी होती आणि ती तुम्हाला सदोष विकली गेली. तुम्ही ती चालवून घेतलीत, आणि तुम्ही चालवून घेतलीत म्हणून त्याने ती पुढच्या माणसालाही विकली. उठा. ती चिकटपट्टी काढा. खुर्चीखालचा कागद काढा. सुगंधाने काढली तशी तुमची चांगली शिवण स्वतःच्या हाताने उसवा. वस्तू आणि पावती घेऊन आज त्या दुकानात जा, आणि दुकानदाराला ती तुमच्यासमोर वापरायला लावा. काम झाल्याशिवाय त्याचा चहा घेऊ नका.